आधी धावणे की आधी बैठका?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. त्यांतील कित्येकजण आपलेच माजी विद्यार्थी असतात. आधी चार-पाच किलोमीटर धावायचे, मग दंड-बैठका काढायच्या आणि शेवटी गोळा फेकायचा, असा क्रम पुष्कळजण ठेवतात. हा क्रम योग्य आहे का, असे त्यांनी विचारले तर आपण काय सांगावे?

प्रथम परीक्षा काय मागते ते पाहू. २०२४ सालच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची होती. मुलांना १६०० मीटर धावण्यासाठी २०, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५ गुण होते. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर धावायचे होते. निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा दरवाजा उघडत नाही. म्हणजे दमाच्या धावण्याला २० गुण, तर झटक्याने ताकद लावण्याच्या दोन प्रकारांना मिळून ३० गुण!

या दोन कामांसाठी स्नायू ऊर्जा वेगवेगळ्या मार्गांनी मिळवतात. गोळा हातातून सुटेपर्यंत एक-दोन सेकंदच लागतात. एवढ्या वेळात ऑक्सिजनच्या साहाय्याने पुरेशी ऊर्जा तयार होऊ शकत नाही. स्नायूंत आधीच साठवलेले एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट हे पदार्थ कामी येतात. १६०० मीटर धावायला मात्र पाच-सहा मिनिटे लागतात. तेथे बहुतेक ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने मिळते, म्हणून हृदय आणि फुप्फुसे यांची क्षमता महत्त्वाची ठरते.

आता क्रमाकडे वळू. लांब धावल्यावर मांड्यांच्या स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा घटतो आणि स्नायू जोराने आकुंचन पावू शकत नाहीत. अशा थकलेल्या पायांनी बैठका काढल्या तर त्या कमी निघतात, वजनही कमी पेलते. ताकद वाढण्यासाठी स्नायूंवर जेवढा ताण पडायला हवा, तेवढा पडतच नाही. उलट क्रमात धावण्याचा वेग त्या दिवशी थोडा कमी होतो, पण हृदय आणि फुप्फुसांना व्यायाम मिळतोच.

संशोधन काय सांगते? अमेरिकेतील रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा आठवडे एका गटाने फक्त ताकदीचा, दुसऱ्याने फक्त दमाचा आणि तिसऱ्याने दोन्ही व्यायाम केले. तिसऱ्या गटाची ताकद सुमारे सात आठवडे वाढली, मग थांबली आणि शेवटी घटू लागली. दम मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला. क्रमाविषयीच्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झाले. एकाच सत्रात आधी ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांच्या पायांची ताकद सुमारे ७ टक्के अधिक वाढल्याचे त्यात आढळले. दम वाढण्यात क्रमामुळे फरक दिसला नाही.

यावरून साधा नियम निघतो : ज्यात सुधारणा हवी ते ताज्या अंगाने, म्हणजे आधी करावे. गोळा आणि १०० मीटर कच्चे असतील तर आधी ताकद, १६०० मीटर कच्चे असेल तर आधी धावणे. अंग गरम करण्यासाठी पाच-दहा मिनिटे हळू पळणे मात्र दोन्ही वेळा हवेच. त्याहून चांगले म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा, किंवा एक दिवसाआड.

क्रमापेक्षाही एकूण भार महत्त्वाचा आहे, हेच हिक्सनचा प्रयोग शिकवतो. आपल्या भागात भातलावणीच्या दिवसांत मुले चिखलात वाकून दिवसभर राबतात. तोही पाय-कमरेचा व्यायामच आहे. त्या दिवसांत मैदानावरचा भार कमी करावा. पोटभर जेवण आणि पुरेशी झोप यांना पर्याय नाही.

वर्गातील मोठ्या विद्यार्थ्यांना हे स्वतः तपासता येईल. मोजपट्टी आणि घड्याळ एवढेच साहित्य लागते. दोन गट करा. पहिल्या दिवशी एका गटाने ८०० मीटर धावून लगेच जागेवरून लांब उडी मारावी, दुसऱ्याने फक्त अंग गरम करून. प्रत्येकाच्या तीन उड्यांपैकी सर्वांत लांब उडी नोंदवावी. दोन दिवसांनी गटांची अदलाबदल करावी. आजारी किंवा धाप लागणाऱ्या मुलांना पळवू नये, आणि उन्हात प्रयोग करू नये.

अदलाबदल कशासाठी, हे विद्यार्थ्यांनाच विचारावे. मुळातच दणकट मुले एका गटात आली तर फरक धावण्यामुळे पडला की मुलांमुळे, हे कळणार नाही. शिवाय हा प्रयोग त्या दिवसाचा थकवा दाखवतो; महिन्यांच्या सरावाने काय होते ते दाखवत नाही. हा भेद ज्याला कळला, तो भरतीसाठी मिळणारा कोणताही सल्ला पारखून घेऊ शकेल.