घर आधी कागदावर नीट करा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. घर बांधायला काढले की ती किती खरी आहे ते कळते. वर्षानुवर्षांची बचत, मोडलेले दागिने, बँकेचे कर्ज, सारे त्या चार भिंतींत जाते. आणि एकदा भिंत उभी राहिली की ती आपले ऐकत नाही. कागदावरची रेघ खोडरबराने पुसता येते. विटांची भिंत पाडायला मजूर लागतो, पैसा लागतो. ती पुन्हा बांधायला आणखी पैसा लागतो. म्हणून चुका व्हायच्या त्या कागदावरच होऊ द्या, आणि कागदावरच सुधारा.

पण पुष्कळ घरांत काय होते? नकाशा येतो. घरचा कर्ता तो उलगडतो, पाहतो आणि गुंडाळून ठेवतो. बाकीची माणसे म्हणतात, “आपल्याला काय समजतं त्यातलं?” ज्यांना त्या घरात दिवसभर वावरायचे, त्यांनीच नकाशा पाहिलेला नसतो. आम्हांला वाटते, ज्याला अक्षरे वाचता येऊ लागली त्याला नकाशाही वाचता येईल. त्यातल्या खुणा अक्षरांपेक्षा थोड्याच आहेत.

गावही आधी आखतात

आपल्या धुळ्याचेच पाहा. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने धुळे हे मुख्य ठाणे केले आणि जुन्या गावाजवळ नवी पेठ वसवली. आधी रस्ते आखले, मग घरे उठली. त्या भागात आजही गल्ल्या सरळ आहेत आणि लोक ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर पाच’ असे पत्ते सांगतात. आधी विचार करून मारलेली रेघ दोनशे वर्षे उपयोगी पडते, ती अशी.

पांझरा नदीच्या उत्तर तीरावर देवपूर आहे. एकवीरा देवीचे मंदिर इथलेच. मंदिराच्या पलीकडे आता वसाहतीमागून वसाहती झाल्या आहेत. अशाच एका वसाहतीत आपला तीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब प्लॉट आहे असे समजा. रस्ता पश्चिमेला आहे. घरात सहा माणसे आहेत: आजोबा, आजी, मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडे. या घराचा नकाशा आपण वाचू या.

नकाशा कसा वाचावा

प्रथम बाण शोधा. बाणाचे टोक उत्तरेकडे असते. त्यावरून चारी दिशा कळतात. दोन जाड रेघा म्हणजे भिंत. भिंतीत खंड पडला आणि तिथे पाव वर्तुळ काढले असेल, तर ते दार. दार कोणत्या बाजूला उघडते हे त्या वर्तुळावरून समजते. भिंतीत बारीक रेघा दिसल्या तर ती खिडकी. ओळीने आखलेल्या पट्ट्या म्हणजे जिना.

मग प्रमाण पाहा. ‘१:१००’ असे लिहिले असेल तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर. शेवटी माप विचारा, आणि हे मात्र विसरू नका: माप आतले की बाहेरचे? खोली बाहेरून दहा फूट असेल आणि दोन्ही भिंती नऊ इंची असतील, तर आत साडेआठ फूटच उरतात. गिलावा झाला की आणखी थोडे कमी होतात. साडेसहा फुटांचा पलंग टाकल्यावर चालायला किती जागा राहिली, ते मोजा.

पहिला नकाशा

समजा, पहिला नकाशा असा आला. पुढे पश्चिमेला दोन खोल्या. उत्तरेच्या बाजूला बैठक, दक्षिणेच्या बाजूला आजोबा-आजींची खोली. मध्ये बारा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद बोळ. मागे पूर्वेला स्वयंपाकघर आणि मुलगा-सुनेची खोली. न्हाणी आणि संडास अगदी मागे, स्वयंपाकघराच्या पलीकडे. गच्चीवर जायला मागच्या बाजूने जिना.

कागदावर हे सुबक दिसते. आता एकेकाच्या पायांनी त्यात चालून पाहू.

आजोबांना रात्री दोनदा उठावे लागते. त्यांनी खोलीतून निघून बोळ ओलांडायचा, अंधारात स्वयंपाकघरातून जायचे, मग संडास. सत्तरीच्या माणसाला हे जमेल का? शिवाय त्यांची खोली नैऋत्य कोपऱ्यात. धुळ्याला मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. दुपारी सूर्य पश्चिमेला उतरतो आणि ऊन भिंतीवर समोरून येते. भिंत तापते आणि रात्री ती उष्णता आत सोडते. घरातली सर्वांत म्हातारी माणसे घरातल्या सर्वांत तापणाऱ्या खोलीत ठेवली, असे झाले की नाही?

आता बोळ पाहा. बारा गुणिले साडेतीन म्हणजे बेचाळीस चौरस फूट. बांधकामाला चौरस फुटामागे २००० रुपये धरू या. म्हणजे ८४,००० रुपये झाले. एवढ्या पैशांत फक्त चालण्याची वाट मिळाली. तिथे ना कोणी बसणार, ना झोपणार.

जिना आठ फूट लांब दाखवला आहे. तो पुरेल का? घराची उंची जमिनीपासून गच्चीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. एक पायरी सात इंच उंच धरली तर अठरा चढ लागतात. जिना मध्येच वळवला तर नऊ खाली, नऊ वर. नऊ चढांना आठ पायऱ्या, प्रत्येक दहा इंच रुंद, म्हणजे ऐंशी इंच. वळणाची जागा तीन फूट. एकूण नऊ फूट आठ इंच. आठ फुटांत तो बसवला तर पायऱ्या अरुंद होणार किंवा उभ्या होणार. खानदेशात उन्हाळ्यात माणसे गच्चीवर झोपतात. बायका बिबडे, पापड, कुरडया वाळत घालतात. हातात भरले ताट घेऊन त्या जिन्याने कोण चढणार? सूनबाईच ना? मग जिन्याचे माप तिला विचारायला नको का?

सुधारलेला नकाशा

आता खोल्या त्याच ठेवून जागा बदलू या. नैऋत्य कोपऱ्यात जिना आणू. ऊन जिन्याने खावे, माणसांनी नव्हे. जिन्याला लागून दक्षिणेच्या बाजूने न्हाणी आणि संडास. संडासाचा झरोका दक्षिणेला. आपल्याकडे उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून झरोका पश्चिमेला नको. नाहीतर वास घरभर फिरेल. त्यानंतर आजोबा-आजींची खोली. संडास चार पावलांवर आला, आणि पश्चिमेचे ऊनही टळले. आग्नेय कोपऱ्यात मुलगा-सुनेची खोली.

उत्तरेच्या बाजूने पुढे बैठक, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर. बोळ काढून टाकला. सगळ्या खोल्यांची दारे माजघरात उघडतात. चालण्याची वाट आता जेवायची जागा झाली आणि मुलीला अभ्यासाला खिडकीजवळ कोपरा मिळाला. जुन्या वाड्यांत माजघर असे ते याचसाठी. बैठकीपुढे छप्पर घातलेला ओटा ठेवला. त्यामुळे बैठकीच्या भिंतीवर दुपारचे ऊन थेट येत नाही.

स्वयंपाकघर पूर्वेला ठीक आहे. सकाळी उजेड मिळतो, दुपारी ताप कमी, आणि मिरचीच्या फोडणीचा धूर वाऱ्याबरोबर बाहेर जातो. पण ओटा किती उंच? स्वयंपाक करणारीने सरळ उभे राहावे, कोपर वाकवावे आणि कोपराच्या काही इंच खाली ओटा घ्यावा. भाकरी बसून थापायची पद्धत असेल तर खाली तेवढी जागा मोकळी सोडावी. वर्षाचे धान्य भरणाऱ्या घरात कोठीची जागा आधीच दाखवावी. नाहीतर पोती पलंगाखाली जातात.

खिडक्याही मोजा. आपल्यासारख्या कोरड्या, उष्ण मुलखात खिडक्या-झरोक्यांची मिळून जागा खोलीच्या निदान दहाव्या हिश्शाइतकी असावी, असे राष्ट्रीय इमारत संहितेत सांगितले आहे. शंभर चौरस फुटांच्या खोलीला दहा चौरस फूट. खिडकीसमोर दार किंवा दुसरी खिडकी आली तर वारा खेळतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा घाला. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छज्जा सावली देतो. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा छज्जाखालून ऊन आत येते. पश्चिमेला मात्र छज्जाचा फारसा उपयोग नाही. तिथे झाड हवे.

वास्तुशास्त्र पाहायचे असेल त्याने पाहावे. पण ऊन आणि वारा पाहायला विसरू नये.

जुन्या घरांकडून काय घ्यावे

आपल्याकडची धाब्याची घरे तुम्ही पाहिली असतील. मातीच्या जाड भिंती, वर मातीचे सपाट छप्पर, पुढे ओटा. जाड मातीतून उष्णता आत यायला फार वेळ लागतो. म्हणून दुपारी आत गारवा असे. सिमेंटचा स्लॅब पातळ. तो लवकर तापतो. यावर सोपा उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना. पांढऱ्या रंगावरून ऊन परत फिरते.

नदीची आठवणही ठेवा. १८७२ साली पांझरेला मोठा पूर आला आणि धुळ्यातली पुष्कळ घरे वाहून गेली. प्लॉट घेताना नदी-नाल्याचे पाणी कुठवर येते ते जुन्या माणसांना विचारा. जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा निदान दीड फूट उंच घ्या. रस्ता दर डांबरीकरणाला थोडा वर येतो, तेही धरून चाला.

जमीन काळी असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. पाया किती खोल न्यायचा ते इंजिनियरला विचारा. पाया खणल्यावर मात्र “ही भिंत जरा सरकवा” असे म्हणू नका. भिंत सरकली म्हणजे खालचा पायाही नवा लागतो.

घरातल्या सगळ्यांनी बसावे

एका संध्याकाळी चौकटीचा कागद घ्या. एक चौकट म्हणजे एक फूट. त्यावर खोल्या आखा. पलंग, कपाट, फ्रिज, देव्हारा यांच्या मापाचे कागदाचे तुकडे कापा आणि ठेवून पाहा. हे काम मुलांना द्या. दार उघडल्यावर कपाटाला लागते का, ते तिथेच कळेल. दार भिंतीच्या मधोमध न घेता कोपऱ्याकडे घेतले तर खोलीत एक सलग भिंत मोकळी राहते.

मग प्लॉटवर जा. चुन्याच्या फक्कीने खोल्या पुऱ्या मापाने आखा. आजोबांना त्यांच्या खोलीतून संडासापर्यंत चालू द्या. सूनबाईंना ओट्यापाशी उभे राहू द्या. एक गोष्ट ध्यानात असू द्या: मोकळ्या आभाळाखाली आखलेली खोली नेहमी लहान दिसते. तेवढ्यावरून घाबरून मापे वाढवू नका. घरची खाट नेऊन तिथे टाका, मग ठरवा.

सारे पटले म्हणजे नकाशा इंजिनियरकडून पुन्हा काढून घ्या. महानगरपालिकेची परवानगी सुधारलेल्या नकाशालाच घ्या. परवानगी एका नकाशाला आणि बांधकाम दुसऱ्याचे, असे करू नका.

सही करण्याआधी एवढे विचारा:

माप आतले आहे की बाहेरचे?
पश्चिमेचे ऊन कोणाच्या खोलीवर येते?
म्हाताऱ्या माणसाला रात्री संडास किती पावलांवर आहे?
जिन्याचे चढ मोजले का?
नुसत्या चालण्यात किती जागा गेली?
हा नकाशा घरातल्या बायकांनी वाचला का?

सहाव्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर पेन खाली ठेवा. नकाशा त्यांच्या हातात द्या.