हरिहरेश्वरला जेवायचंय? आधी फोन करा!

हरिहरेश्वरात जेवणाची खरी मजा हॉटेलात नाही, देवळाजवळच्या जुन्या कौलारू घरांतल्या घरगुती खाणावळींत आहे. पण इथे मेनूकार्ड शोधू नका. किती पानं ते सकाळीच कळवायचं, कारण भात तेवढाच शिजतो. ऐनवेळी दहा जण दारात उभे राहिलात तर यजमानीणबाईंचा चेहरा बघवणार नाही!

मोदक हवे असतील तर तेही आधीच सांगा. तांदळाची उकड मळून, पारी गरम असतानाच कळ्या पाडाव्या लागतात. थंड झाली की ती चिरते. आणि मोदक वाफेवरून थेट पानात आला पाहिजे. वर तूप, आणि ते मागायला लाजायचं नाही. सोबत वालाचं बिरडं, आमटी-भात, सोलकढी. मासे हवे असतील तर आधी विचारा, काही घरांत फक्त शाकाहारीच मिळतं.

हरिहरेश्वर हे पेशव्यांचं कुलदैवत, आणि त्यांचं मूळ गाव श्रीवर्धन इथून जवळच. परतताना तिथली रोठा सुपारी घ्या.

एक मात्र पाळा: देवळाची समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची. भरतीची वेळ गावात विचारून घ्या, मग जेवणाची वेळ ठरवा.