विजेरी पाण्यात टिकेल का? परीक्षा घरच्या बादलीत

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि मुंबईच्या उपनगरांतील अनेक वस्त्या पाण्याबरोबर अंधारातही बुडाल्या. अशा रात्री घरात पहिला शोध सुरू होतो तो विजेरीचा. ती सापडतेही, पण कमरेएवढ्या पाण्यातून जिना गाठेपर्यंत ती पेटलेली राहील, याची हमी खोक्यावरच्या 'वॉटरप्रूफ' या एका शब्दाने मिळत नाही.

त्या शब्दापेक्षा शेजारी छापलेला संकेतांक अधिक बोलका असतो. 'आयपीएक्स-४' म्हणजे कोणत्याही दिशेने उडालेले शिंतोडे सोसणारी विजेरी, तर 'आयपीएक्स-७' म्हणजे एक मीटर खोल पाण्यात तीस मिनिटे राहूनही आत अपायकारक प्रमाणात पाणी शिरू न देणारी. 'आयपीएक्स-८' मध्ये याहून कठीण खोली वा वेळ उत्पादकाने स्वतः सांगायची असते. गंमत अशी की सातवा क्रमांक मिळालेली वस्तू नळीच्या जोरदार फवाऱ्यात टिकेलच असे नाही. ती चाचणी वेगळी आहे. कोणताच अंक छापलेला नसेल, तर 'वॉटरप्रूफ' ही केवळ जाहिरात समजावी.

घरच्या चाचणीचा पहिला नियम म्हणजे सेल आधी बाहेर काढावेत. पाणी सेलपर्यंत पोहोचले तर ते गंजतात, शिवाय वायू तयार होऊन बंद नळीत दाब वाढू शकतो. लिथियम सेलच्या बाबतीत तर धोका पत्करूच नये. सेलच्या जागी कोरड्या टिपकागदाची गुंडाळी ठेवावी आणि तिच्यावर शाईच्या पेनाने दोन-चार रेघा ओढाव्यात. थेंबभर पाणी आले तरी शाई फुटते. बॉलपेनची शाई येथे उपयोगाची नाही.

मग झाकण घट्ट फिरवून विजेरी बादलीच्या तळाशी अर्धा तास ठेवावी. प्लास्टिकची विजेरी तरंगते, तिला दगड बांधावा. पाणी आणि विजेरी यांचे तापमान सारखे असणे महत्त्वाचे आहे. बराच वेळ जळून तापलेली विजेरी गार पाण्यात बुडवली, की आतील हवा आकुंचन पावते आणि फटीतून पाणी अक्षरशः ओढून घेते. पावसात नेमके हेच घडते, त्यामुळे एरवी धड असलेली विजेरीही दगा देते. हाच गुण उलटा वापरून गळती शोधता येते. गार विजेरी कोमट पाण्यात धरली, की आतील हवा प्रसरण पावते आणि एकाच ठिकाणाहून सुटणारे बुडबुडे फटीचा पत्ता सांगतात. बहुधा तो बटणावरच्या रबरी टोपीचा, काचेच्या कडेचा किंवा झाकणाच्या आट्यांचा असतो.

बाहेर काढल्यावर ती आधी पूर्ण पुसावी, मगच उघडावी. नाहीतर आट्यांतले पाणी आत सांडते आणि निर्दोष विजेरी नापास होते. काचेवर आतून धूसर वाफ दिसली, पण कागद कोरडा असला, तर पावसाळी दमट हवेत झाकण लावल्याचा तो परिणाम असू शकतो.

बादलीची खोली जेमतेम फूटभर, दोनशे लिटरच्या पिंपाचीही तीन फुटांच्या आतबाहेर. त्यामुळे येथे उत्तीर्ण झालेली विजेरी 'आयपीएक्स-७' ठरत नाही. मात्र बादलीतच हरलेली पुरात टिकणार नाही, हे नक्की. भिंतीवरच्या प्लगमध्ये लावून भारित करायच्या विजेऱ्या या खेळात मुळीच उतरवू नयेत.

दोष बहुतेक वेळा आट्यांजवळच्या काळ्या रबरी कड्यात सापडतो. ते चिरले वा चपटे झाले असेल तर त्याच मापाचे नवे घालावे. धड असेल तर आट्यांतली धूळ पुसून कड्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. कडे सिलिकॉन रबराचेच असेल तर मात्र हे ग्रीस टाळावे, ते फुगते. घरात हाताशी असते म्हणून खोबरेल तेल लावण्याचा मोह अनेकांना होतो. ते थंडीत थिजते. समुद्राचे किंवा पुराचे गढूळ पाणी लागले असल्यास बंद विजेरी आधी गोड्या पाण्याने धुवावी, मग सेल काढून ती दिवसभर पंख्याखाली उघडी ठेवावी.