पेला आणि प्रदेश (भाग 6) : पाण्यात उमलणारी हिबिकी

गेल्या आठवड्यात आपण स्कॉटलंडमधल्या ब्लेंडेड व्हिस्कीचा व्यवहार पाहिला. तिथे एक कंपनी आपली पिपं दुसरीला देते, तिची आपण घेते, आणि अनेक गावांच्या मालातून एक बाटली भरली जाते. जपानमध्ये ही देवाणघेवाण रुजलीच नाही. प्रतिस्पर्ध्याच्या दारात पीप मागायला कोणी जात नसे. मग इतक्या चवी आणायच्या कुठून? तर घरातच तयार करायच्या.

शिंजिरो तोरीई यांनी 1923 मध्ये क्योतो आणि ओसाका यांच्या मधे यामाझाकीची डिस्टिलरी उभारायला घेतली. तिथे आज एकाच आवारात वेगवेगळ्या आकारांचे तांब्याचे स्टिल आहेत, आंबवणाच्या काही टाक्या लाकडी तर काही पोलादी आहेत, आणि पिपांच्या लाकडाचे प्रकार वेगळेच. एका छपराखाली जणू अनेक डिस्टिलऱ्या चालतात. जपानी ब्लेंडचं खरं वैभव मला इथे दिसतं.

तोरीईंची पहिली व्हिस्की, 1929 ची ‘शिरोफुदा’, लोकांना रुचली नाही. तिला धुराचा वास फार होता. तेव्हापासून जपानी ताटाशी जुळेल अशा मऊ चवीचा शोध सुरू झाला. त्याच वाटेवर, तोरीईंच्या सनटोरी कंपनीला 90 वर्षं झाली तेव्हा, 1989 मध्ये हिबिकी आली. हिबिकी म्हणजे नाद, घुमणारा आवाज. तेव्हा कंपनीची धुरा केइझो साजी यांच्याकडे होती, आणि तीनच वर्षांपूर्वी त्यांनी तोक्योत सनटोरी हॉल हे संगीत सभागृह उभं केलं होतं. हे नाव त्यांच्या घरात सहज सुचण्याजोगं होतं.

हिबिकीत तीन ठिकाणं एकत्र येतात. यामाझाकीच्या माल्टमधून फळं आणि भारदस्तपणा येतो. डोंगरातल्या जंगलात वसलेल्या हाकुशूच्या माल्टमधून हिरवा, कधी किंचित धुरकट वास येतो. तिसरी चिता, नागोयाजवळची, मुख्यतः मक्याची ग्रेन व्हिस्की. ग्रेनला भरताड समजणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. चिताला ही व्हिस्की हलक्या, मध्यम आणि जड अशा तीन तऱ्हांनी गाळतात, आणि बाकीच्या वासांना मोकळी जागा मिळते ती तिच्यामुळेच.

आता पेला घेऊ. ‘जॅपनीज हार्मनी’ ही हिबिकीची सहज ओळखीची बाटली, 43 टक्क्यांची. तोंडाशी निमुळत्या पेल्यात 30 मिली ओता आणि पाच मिनिटं तशीच राहू द्या. नाक आत खुपसू नका. ओठ जरा विलग ठेवून पेला हनुवटीपासून हळूहळू वर आणा, म्हणजे अल्कोहोलचा झणका नाकात जात नाही. मला आधी मध लागतो, मग संत्र्याची साल, आणि मागून लिची. पहिला घोट फक्त जीभ ओली करण्यापुरता. चव कळते ती दुसऱ्या घोटाला.

आणि मग पाणी. पाणी घालणं म्हणजे व्हिस्की बिघडवणं, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. पण ब्लेंडर स्वतः नमुने पारखताना त्यांत पाणी घालून तीव्रता साधारण 20 टक्क्यांवर आणतात, कारण तेव्हा अल्कोहोल मागे सरतं आणि दबलेले वास वर येतात. हार्मनीत जवळपास तितकंच पाणी घाला. फरक लगेच कळतो. मध ओसरतो आणि गुलाबासारखं काहीतरी उमलतं. जपानी लोक याच्याही पुढे जातात. उंच ग्लासात भरपूर बर्फ, एका भागाला दोन-अडीच भाग पाणी, सावकाश ढवळलेलं. हे ‘मिझुवारी’, जेवणासोबत प्यायचं. ब्लेंड पातळ झाल्यावरही विस्कटत नसेल, तर ती नीट बांधलेली आहे. माझ्या लेखी याहून कठीण परीक्षा नाही.

शेवटी जो कोरडा, सुगंधी वास रेंगाळतो तो मिझुनाराचा, म्हणजे जपानी ओकचा. दुसऱ्या महायुद्धात बाहेरची पिपं येईनाशी झाली म्हणून हे लाकूड वापरात आलं. ते घडवायला अवघड आणि गळकं, त्यामुळे सुरुवातीला कोणाला फारसं आवडलं नाही. दोन-दोन दशकं मुरल्यावर त्यातून चंदन आणि ऊद यांच्या जवळचा वास उतरला. सहाणेवर चंदन उगाळलेल्या घरातून आलेल्या नाकाला तो ओळखायला वेळ लागत नाही. हार्मनीत त्याचा अंशच आहे, म्हणून घाई करू नका.

बाटली घेताना लेबल मात्र वाचा. जपानी उत्पादकांच्या संघटनेने 2021 मध्ये आपल्या सदस्यांसाठी नियम केला आणि 1 एप्रिल 2024 पासून तो पूर्णपणे लागू झाला. आंबवणं आणि गाळणं जपानमध्येच, आणि तिथेच लाकडी पिपात किमान तीन वर्षं मुरवणं, असं झालं तरच ‘जपानी व्हिस्की’ म्हणायचं. हार्मनी या नियमात बसते. निक्काची ‘फ्रॉम द बॅरल’ बसत नाही, आणि कंपनीने ते उघडपणे सांगितलं आहे. चवीला ती उत्तम आहे, तिच्याकडे पुढच्या भागात वळू.

तोवर एक करा. रिकामा पेला रात्री विसळू नका. सकाळी तो हुंगा. फळं आणि मध उडून गेलेले असतात, तळाशी लाकूड उरलेलं असतं.