जपानी शिकायची? मग इंग्रजीची धास्ती सोडा

कामठीचे ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार १९९९ साली जपानी उपासकांच्या मदतीने उभे राहिले. आपण तिथे सहकुटुंब जातो. पण मुलाने जपानी शिकायचे म्हटले की घरातून प्रश्न येतो, "इंग्रजीच धड येत नाही, जपानी कशी जमणार?"

आम्ही म्हणतो, मराठी शाळेतले मूल इथे पुढेच असते. हे वाक्य पाहा : 'वाताशी वा गाक्को ए इकिमासु.' वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, 'ए' म्हणजे आपला 'ला', इकिमासु म्हणजे जातो. ('वा' फक्त कोणाविषयी बोलणे आहे ते दाखवतो.) क्रियापद मराठीसारखे शेवटी. प्रश्न विचारायचा तर शेवटी चक्क 'का' लावायचा : 'इकिमासु का?' जाता का? आपल्या 'छान आहे ना'मधल्या 'ना'च्या जागी तिकडे 'ने'. शिवाय जातो-जातेची भानगड नाही.

हिरागाना आणि काताकाना या वर्णमालांत प्रत्येकी ४६ अक्षरे. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क्रम ओळखीचा वाटतो ना? बौद्ध ग्रंथांबरोबर भारताची सिद्धम् लिपी चीनमार्गे जपानला गेली. ८०४ साली चीनला गेलेले भिक्खू कूकाई ती शिकून परतले. भिक्खूंच्या त्या अभ्यासातून हा क्रम आला. आपल्या 'दान' शब्दाचे तिकडे 'दान्ना' झाले. आधी दाता, मग मालक, आणि आता चक्क नवरा!

रोज पाच अक्षरे चौकटीच्या वहीत गिरवली तर तीन आठवड्यांत दोन्ही वर्णमाला होतात. कांजी, म्हणजे चिनी अक्षरे, मात्र अवघड. नित्य वापराची म्हणून जपान सरकारने ठरवलेलीच २,१३६ आहेत. त्यांना वर्षे लागतात.

२०१९ पासून जपानने वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी खास व्हिसा सुरू केला आहे. त्याला पदवीची अट नाही; पण कामाची परीक्षा आणि जेएलपीटीची एन-४ किंवा तिच्या तोडीची भाषापरीक्षा साधारणपणे द्यावी लागते. भाषेचा पत्ता नसताना नोकरीची हमी देऊन पैसे मागणारा एजंट दारात आला, तर त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुण्यातही केंद्र असते. सर्वांत सोपी पायरी एन-५. अर्ज काही महिने आधीच भरावा लागतो.