केळीच्या बाळरोपांना कोणता उजेड?
जळगावची केळी उन्हात पिकते, पण ग्रँड नैन या वाणाचे ऊतिसंवर्धित रोप आधी प्रयोगशाळेतल्या बाटलीत, दिव्याखाली वाढते. तिथे निव्वळ लाल-निळे, जांभळट उजेडाचे एलईडी घेऊ नयेत. हरितद्रव्य ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल आणि ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश जास्त शोषते, हे खरे. पण हिरवाही वाया जात नाही, तो पानात खोलवर पोचतो. शिवाय जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान, बाटलीतली बुरशी कामगाराच्या नजरेतून सुटते. खानदेशात ऊन फुकट असताना दिवे कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. मात्र मे महिन्यातले ऊन बंद बाटली तापवून कोवळी रोपे मारेल. लाल अंश थोडा जास्त असलेला पांढरा एलईडीच बरा. ट्यूबलाइटपेक्षा उष्णता कमी, म्हणून एसीचे बिलही हलके.