ठसा की खळगा?

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतून एक बातमी जगभर गेली. अ‍ॅरिझोना आणि युटा या राज्यांच्या सीमेवर, कायोटी ब्यूट्स नावाच्या निर्जन भागात, एकरभराहूनही कमी जागेत डायनोसॉरच्या पावलांचे हजाराहून अधिक ठसे सापडले होते. शोधनिबंध युटा विद्यापीठातल्या भूवैज्ञानिक मार्जरी चॅन आणि त्यांचे विद्यार्थी विन्स्टन सायलर यांचा होता. काही आठवड्यांतच चार जाणकार ती जागा पाहून आले आणि त्यांनी सांगितलं, हे ठसे नाहीत, पाण्यावाऱ्याने झिजून पडलेले खळगे आहेत. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना दगडात इतके गोल, घोटीव खड्डे निसर्ग एकटाच पाडू शकतो हे वेगळं सांगायला नको. चॅन यांनी हट्ट धरला नाही. शंका घेणाऱ्यांनाच सोबत घेऊन पुन्हा अभ्यास करू, असं त्यांनी जाहीर केलं.

पण पहिला अंदाज मुळीच वेडगळ नव्हता. ज्या खडकावर तो वाद झाला, त्या ‘नावाहो’ वालुकाश्मात इतरत्र डायनोसॉरचे खरेखुरे ठसे आहेत. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी, जुरासिक काळाच्या सुरुवातीला, पश्चिम अमेरिकेत वाळूचा अफाट समुद्र पसरला होता. त्यातली पुष्कळशी वाळू खंडाच्या पार पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन पर्वतांतून नद्यांनी वाहून आणलेली होती. वाऱ्याने तिच्या टेकड्या रचल्या, त्यांच्यावर नव्या टेकड्या चढल्या आणि शेवटी सगळ्याचा खडक झाला. काही ठिकाणी त्याची जाडी ६०० मीटरांहून जास्त आहे. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या उंच कड्यांवर दिसणारे तिरके पट्टे म्हणजे त्या टेकड्यांचे उतारच.

अशा वाळवंटात हाडं फार कमी टिकतात. ती उघड्यावर पडून झिजतात, भुगा होतात. म्हणून या खडकात मिळालेले सांगाडे अगदी मोजके आहेत. २०१० साली वर्णन झालेला ‘सेइटाड’ हा डायनोसॉर त्यांपैकी एक. वाळूखाली गाडला गेलेला हा प्राणी शास्त्रज्ञांना मिळाला, पण डोक्याविना. ठशांचं गणित मात्र वेगळं आहे. प्राणी मरतो एकदाच, पावलं टाकतो आयुष्यभर.

तरीही भुसभुशीत वाळूत पाऊल टिकतं कसं? उत्तर पाण्यात आहे. टेकड्यांच्या मधल्या सखल भागात भूजल वर येऊन तळी साचत. युटातल्या मोआब गावाजवळ अशाच एका जुन्या तळ्याकाठी सूचिपर्णी झाडांचे अश्मीभूत बुंधे सापडले आहेत. भूवैज्ञानिक डेव्हिड लूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की टेकड्यांचे उतार ओले होऊन घसरल्याच्या खुणा खडकात ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे तिथे दरवर्षी मोसमी पाऊस पडत होता. ओल्या वाळूत पाऊल नीट उमटतं, त्यावर कोरडी वाळू येऊन बसते आणि ठसा झाकला जातो. वाळवंट म्हणजे निर्जीव पसारा, ही आपली समजूत हे खडक पुसून टाकतात. तिथे झाडं होती, पाऊस होता, शिकारी प्राणी पाण्यावर येत होते.

आता मूळ प्रश्न, ठसा ओळखायचा कसा? आकारावर भिस्त ठेवता येत नाही, कारण ऊनपाऊस बोटांच्या कडा पुसून टाकतात. खात्रीचा पुरावा असतो खालच्या थरांत. जड प्राण्याचं पाऊल पडलं की खालचे वाळूचे थर दबून वाकतात. खळगा त्या थरांना वाकवत नाही, कापत जातो. उतारावरच्या ठशाला खालच्या अंगाला चंद्रकोरीसारखा वाळूचा उंचवटा असतो, कारण पायाने वाळू तिकडे ढकललेली असते. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चाल. डावं, उजवं, पुन्हा डावं, साधारण सारख्या अंतरावर. खळगे चालत नाहीत.

अशी चाल सापडली की पुष्कळ काही हाती लागतं. दोन पायांवर चालणाऱ्या डायनोसॉरच्या पावलाची लांबी चारने गुणली की जमिनीपासून कमरेची उंची साधारण कळते; तिच्याशी ढांगेचं अंतर ताडून वेगाचा अंदाज बांधता येतो. ही रीत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये मांडली. आपल्या राजस्थानात जैसलमेरजवळ थयात इथे सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीचे तीनबोटी ठसे सापडले आहेत. म्हणजे त्या प्राण्याची कंबर जवळजवळ दीड मीटर उंचीवर होती. गंमत अशी, की थयातचे ठसे आज वाळवंटात असले तरी उमटले समुद्रकाठी.

ठशांची ही साक्ष कोट्यवधी वर्षं टिकली, पण माणसापुढे टिकेलच असं नाही. २०१४ मध्ये मोआबजवळचा तीनबोटी ठसा असलेला दगड एका माणसाने काढून नेला आणि पुढे कोलोरॅडो नदीत फेकून दिला. पाणबुड्यांनी शोध घेतला, दगड मिळाला नाही. २०१८ मध्ये युटाच्या रेड फ्लीट उद्यानात पर्यटक ठसे असलेले दगड उचलून तलावात टाकू लागले, तेव्हा अधिकाऱ्यांना जाहीर इशारा द्यावा लागला. यामागे मला दुष्टपणापेक्षा अज्ञान जास्त दिसतं. दगडात काय लिहिलंय हेच माहीत नसेल, तर तो जपायचा कशासाठी?

अमेरिकेत राहणारी किंवा मुलांकडे गेलेली कितीतरी मराठी मंडळी झायन आणि मोआब पाहून येतात. तुम्ही जाल तेव्हा सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा, त्या वेळी ठसे उठून दिसतात. त्यांवर पाय ठेवू नका, प्लास्टर ओतून साचा काढू नका, सुटा तुकडासुद्धा हलवू नका. कुठे नवा ठसा दिसलाच, तर फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि उद्यानाच्या कार्यालयात कळवा. तो ठसा आहे की खळगा, हे तिथले जाणकार ठरवतील.